प्राणी कल्याणशास्त्र शिकताना

प्राणी कल्याणशास्त्र म्हणजे माणसाच्या ताब्यातल्या प्राण्याचे जगणे त्या प्राण्याच्या बाजूने कसे चालले आहे, हे निरीक्षणाने आणि प्रयोगाने ठरवणारे शास्त्र. गोठ्यातली गाय, पिंजऱ्यातली अंडी देणारी कोंबडी, प्रयोगशाळेतला उंदीर, प्राणिसंग्रहालयातले अस्वल, मत्स्यशेतीतला मासा, घरातले मांजर हे सारे त्याच्या कक्षेत येतात. पशुवैद्यक रोगाकडे पाहते, पशुसंवर्धन उत्पादनाकडे पाहते, कायदा क्रौर्याला आळा घालतो आणि नीतिशास्त्र माणसाचे कर्तव्य तपासते. या चारही ठिकाणी एक माहिती लागतेच: प्राण्याला काय जाणवते, त्याला काय हवे आहे आणि मिळालेल्या परिस्थितीशी जुळवून घेताना त्याची किती ओढाताण होते. ही माहिती मिळवण्याच्या पद्धती शिकवणे हे या विषयाच्या पदवीचे काम आहे.

विद्यापीठीय विषय म्हणून हे शास्त्र तरुण आहे. केंब्रिज विद्यापीठात १९८६ मध्ये डोनाल्ड ब्रूम यांची नेमणूक झाली तेव्हा ते प्राणी कल्याण या विषयाचे जगातले पहिले प्राध्यापक ठरले. स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठाने १९९० मध्ये उपयोजित प्राणिवर्तन आणि प्राणी कल्याण या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू केला. पुढे अनेक देशांनी ज्या धर्तीवर असे अभ्यासक्रम उभारले, ती समजून घ्यायला हा अभ्यासक्रम चांगले उदाहरण आहे. शहराच्या दक्षिणेला ईस्टर बुश येथे पशुवैद्यक विद्यालय आणि रॉझलिन संस्था शेजारी-शेजारी आहेत. डॉली ही मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती याच रॉझलिन संस्थेत. स्कॉटलंडच्या ग्रामीण महाविद्यालयातले संशोधकही तिथेच काम करतात. त्यामुळे वर्ग, प्रयोगशाळा आणि शेत यांतले अंतर विद्यार्थ्याला फारसे जाणवत नाही.

या वर्गात पशुवैद्य असतात, प्राणिशास्त्राचे पदवीधर असतात, शेतकरी घरातली मुले असतात आणि प्राणिसंग्रहालयात किंवा निवारागृहात काही वर्षे राबून आलेली माणसेही असतात. बहुतेकांना इथवर आणलेली असते ती प्राण्यांविषयीची कळकळ. अभ्यासक्रम ती कळकळ कमी करत नाही; तिच्या जोडीला पुरावा हवा, असा आग्रह धरतो. माणसाला जे वाईट दिसते ते प्राण्याला वाईट वाटत असेलच असे नाही, आणि माणसाच्या नजरेला खटकतही नाही अशी गोष्ट प्राण्याचे सारे आयुष्य नासवू शकते. वर्षभराचे शिक्षण या एका जाणिवेभोवती बांधलेले असते.

विषयाचा उगम

पहिल्या सत्रात इतिहास येतो. रूथ हॅरिसन यांचे ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईवर उपाय म्हणून तिथल्या शेतीने कोंबड्या, वासरे आणि डुकरे बंदिस्त इमारतींत दाटीवाटीने वाढवायला सुरुवात केली होती. त्या इमारतींच्या आत काय चालते हे सामान्य वाचकाला या पुस्तकाने प्रथमच दाखवले. लोकक्षोभ इतका झाला की सरकारला प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९६५ मध्ये आला. प्राण्याला उभे राहता यावे, आडवे होता यावे, वळता यावे, अंग चाटूनपुसून स्वच्छ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत, एवढी किमान मोकळीक तिने मागितली. समितीत डब्ल्यू. एच. थॉर्प हे केंब्रिजचे वर्तनशास्त्रज्ञ होते. प्राण्याच्या भावनांचा विचार शास्त्राने केला पाहिजे आणि त्यासाठी त्याचे वर्तन वाचायला शिकले पाहिजे, ही दिशा या अहवालामुळे पक्की झाली.

१९७९ मध्ये ब्रिटनमध्ये शेतप्राणी कल्याण परिषद स्थापन झाली आणि ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली: भूक-तहानेपासून मुक्ती, अस्वस्थ निवाऱ्यापासून मुक्ती, वेदना, इजा व रोगापासून मुक्ती, भय आणि मानसिक यातनेपासून मुक्ती, आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मुभा. जगभरच्या कायद्यांनी आणि संस्थांनी ही यादी स्वीकारली. वर्गात मात्र ती आधी शिकवली जाते आणि लगेच तपासलीही जाते. भूक कधीच लागली नाही तर प्राणी खाईल कशाला? भय मुळीच नसलेला प्राणी धोका कसा टाळेल? न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर आणि त्यांचे सहकारी रीड यांनी १९९४ मध्ये याला पर्याय दिला. पोषण, परिसर, आरोग्य आणि वर्तन या चार क्षेत्रांतल्या स्थितीवरून पाचव्या, म्हणजे मानसिक अवस्थेच्या, क्षेत्राविषयी अनुमान काढावे, अशी त्यांची मांडणी आहे. पुढच्या सुधारणांत त्यात सुखद अनुभवांनाही जागा मिळाली. त्रास नसणे एवढ्याने जगणे चांगले ठरत नाही, हा विचार तेव्हापासून या शास्त्रात रुजला.

‘कल्याण’ कशाला म्हणायचे यावर विद्यार्थ्यांत सर्वाधिक वाद होतो. कॅनडातील डेव्हिड फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की लोकांच्या मनात याची तीन वेगवेगळी मापे असतात. काहींना प्राण्याचे शरीर नीट चालणे महत्त्वाचे वाटते, काहींना त्याला बरे वाटणे, तर काहींना त्याने आपल्या जातीच्या स्वभावानुसार जगणे. भरपूर दूध देणारी गाय पहिल्या मापाने उत्तम ठरेल, पण तिचे पाय दुखत असतील तर दुसऱ्या मापाने नाही. कुरणात चरणारी गाय तिसऱ्या मापात बसेल, पण गोचीड आणि कडक ऊन तिला पहिल्या मापात मागे खेचतील. हे लक्षात आले की वादातली बरीच धूळ खाली बसते. दोघे एकमेकांना खोटे ठरवत नसतात. ते वेगवेगळे माप वापरत असतात. शेतकरी घरातला विद्यार्थी आणि प्राणिहक्क चळवळीतला विद्यार्थी यांच्यात खरा संवाद सुरू होतो तो इथून.

पाहायला शिकणे

दुसरा टप्पा निरीक्षणाचा. वर्गात सांगायला सोपे आणि प्रत्यक्षात फार कठीण असे हे काम आहे. आधी वर्तनसूची तयार करावी लागते. प्राणी करू शकेल अशा प्रत्येक कृतीचे वर्णन त्यात असते, आणि ते अशा शब्दांत की दोन अनोळखी माणसांनी वाचले तरी दोघांना एकच कृती दिसावी. ‘डुक्कर कंटाळले आहे’ असे लिहिता येत नाही. ‘डुक्कर समोरचे दोन्ही पाय टेकून मागच्या भागावर बसले आहे, डोळे अर्धवट मिटलेले आहेत’ असे लिहावे लागते. कंटाळा हे अनुमान झाले आणि अनुमानाची पाळी नंतर येते.

मग नमुना कसा घ्यायचा ते शिकावे लागते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेला निरीक्षणपद्धतींवरचा लेख इथे पायाभूत मानला जातो. एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवायची की ठरावीक अंतराने साऱ्या कळपावर एकदा नजर फिरवायची, हे प्रश्नावर अवलंबून असते. मेंढी किती वेळ रवंथ करते हे दुसऱ्या पद्धतीने चांगले कळते. दोन मेंढ्यांची क्षणभराची टक्कर त्या पद्धतीत हमखास निसटते. वाटेल तेव्हा जे दिसेल ते टिपले तर लक्ष वेधून घेणाऱ्या घटनाच वहीत भरतात आणि शांत, संथ, दिवसभर चालणाऱ्या गोष्टी गळून जातात.

एकच चित्रफीत अनेकांना देऊन स्वतंत्रपणे नोंदी करायला लावणे हा नेहमीचा अभ्यास. नोंदी जुळवल्यावर त्यांत फरक निघतात. त्या किती जुळल्या हे ‘कप्पा’ नावाच्या संख्येने मोजतात. योगायोगाने जितके जुळले असते त्याहून अधिक जुळणी झाली का, हे ती संख्या सांगते. जुळणी कमी असेल तर व्याख्या पुन्हा लिहायच्या आणि नोंदी पुन्हा करायच्या. तासन्‌तास पडद्यापुढे बसून कोंबडीच्या चोचीची प्रत्येक हालचाल मोजण्यात दिवस जातात. या कंटाळवाण्या मेहनतीतून विद्यार्थ्याची नजर बदलते. पूर्वी ‘कळप’ म्हणून दिसणारे प्राणी वेगळे ओळखू येऊ लागतात: गव्हाणीपाशी नेहमी मागे राहणारी गाय, माणूस आला की सर्वांत आधी कान टवकारणारी मेंढी.

एडिनबराजवळच्या एका प्रयोगाची माहिती इथे आवर्जून दिली जाते. ॲलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश यांनी पाळीव डुकरे झाडी, उतार आणि मोकळी जमीन असलेल्या कुंपणात सोडली आणि दीर्घकाळ पाहिली. त्यांचे हे निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त वाढलेली ती डुकरे दिवसाचा सुमारे निम्मा वेळ चरण्यात आणि मुसकटाने माती उकरण्यात घालवत होती. विण्याआधी मादी कळपापासून दूर जाई, खळगा खणून गवत-फांद्या गोळा करून घरटे बांधी. विण्याच्या अरुंद लोखंडी चौकटीत ठेवलेली डुकरीणही त्याच वेळी तशाच हालचाली करू पाहते, पण तिथे गवत नसते आणि वळायला जागाही नसते. माणसाने डुकराचे वजन आणि वाढ बदलली, घरटे बांधण्याची ओढ तशीच राहिली. हे कळल्यावर लोखंडी चौकट पूर्वीसारखी दिसत नाही.

प्राण्याला विचारणे

प्राणी बोलत नाही, तरी निवड करतो. या निवडीवर या शास्त्राची सर्वांत विश्वासार्ह पद्धत उभी आहे. ब्रँबेल समितीने कोंबड्यांच्या पिंजऱ्याला पातळ षटकोनी जाळीचा तळ नसावा, जाड तारेचा असावा, अशी शिफारस केली होती. ती जाळी पायाला टोचत असणार हा माणसाचा अंदाज होता. ह्यूज आणि ब्लॅक यांनी १९७३ मध्ये कोंबड्यांनाच निवड दिली, तेव्हा त्यांनी पातळ जाळी पसंत केली. त्या जाळीचा पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो. सद्‌हेतू असलेल्या तज्ज्ञांचाही अंदाज चुकू शकतो, हे या छोट्या प्रयोगाइतके नेमके दुसऱ्या कशानेच पटत नाही.

निवडीलाही मर्यादा आहेत. दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट निवडला म्हणून तो चांगला ठरत नाही. सवयीची जागा प्राणी आधी निवडतो. क्षणिक आवड आणि दीर्घकालीन हित वेगळे असू शकते. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी म्हणून पुढचा प्रश्न विचारला: त्या गोष्टीसाठी प्राणी किती किंमत मोजायला तयार आहे? दारावर वजन लावायचे, ते वाढवत न्यायचे आणि प्राणी कुठवर ढकलत राहतो ते पाहायचे. अंडे घालण्याची वेळ जवळ आली की कोंबडी घरट्यासाठी जड दार ढकलते. जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फरसाठी पाळलेल्या मिंकवर असाच प्रयोग केला. पोहण्याच्या हौदासाठी त्यांनी सर्वाधिक कष्ट केले, आणि हौद बंद केल्यावर ताणाशी निगडित संप्रेरक जवळपास अन्न बंद केल्याइतके वाढले. पिंजऱ्यातल्या मिंकला पाणी म्हणजे चैन असे मानणाऱ्यांना उत्तर देण्याजोगा आकडा हाती आला.

भावना आणि वेदना

भावना थेट मोजता येत नाहीत. अनेक खुणा एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावावा लागतो. रक्तातले किंवा शेणातले कॉर्टिसॉल वाढले म्हणून प्राणी दुःखी आहे असे म्हणता येत नाही, कारण समागमाने, खेळाने आणि शिकारीनेही ते वाढते. विद्यार्थ्याने एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढला की शिक्षक हेच उदाहरण देतात.

माणूस खिन्न असला की संदिग्ध गोष्टीतही वाईटच पाहतो. ब्रिस्टल विद्यापीठातील हार्डिंग, पॉल आणि मेंडल यांनी २००४ मध्ये हीच कल्पना उंदरांवर वापरली. एक स्वर ऐकू आला की कळ दाबल्यावर खाणे मिळे. दुसऱ्या स्वराला कळ दाबली तर नकोसा आवाज येई. मग या दोहोंमधले स्वर ऐकवले. अनिश्चित, वरचेवर बदलत्या परिस्थितीत ठेवलेले उंदीर अशा स्वरांना कमी आणि उशिरा प्रतिसाद देत, जणू चांगल्याची आशा त्यांनी कमी केली होती. या एका प्रयोगातून पुढे गाय, कुत्रा, कोंबडी आणि मधमाशीपर्यंत तशा चाचण्या केल्या गेल्या.

वेदनेबाबत ब्रिस्टलमधलाच २००० सालचा एक प्रयोग मनात घर करतो. मांसासाठी झपाट्याने वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांत पायाने अधू पक्षी पुष्कळ असतात. त्यांच्यापुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले, त्यातल्या एकात वेदनाशामक औषध होते. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट पक्ष्यांपेक्षा जास्त खाल्ले आणि लंगडणे जितके अधिक तितके औषधही अधिक घेतले. रॉझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या ओठात त्रासदायक द्रव्य टोचले, तेव्हा माशांनी खाणे थांबवले, अंग डोलवले आणि ओठ तळाच्या खड्यांवर घासले. माशाला वेदना होते का, हा तोवर गप्पांचा विषय होता. त्यानंतर तो पुराव्याचा विषय झाला. ब्रिटनच्या २०२२ च्या संवेदनक्षमता कायद्यात खेकडे, शेवंड आणि अष्टपाद यांचाही समावेश झाला, तो अशाच पुराव्यांच्या आढाव्यानंतर.

शेत, कत्तलखाना, प्रयोगशाळा

शेतावरचे काम हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. युरोपीय संघाच्या ‘वेलफेअर क्वालिटी’ प्रकल्पात, २००४ ते २००९ या काळात, शेतावर जाऊन कल्याण मोजण्याच्या रीती ठरल्या. त्यांचा रोख असा की गोठा किती मोठा, छत कसे, हे मोजण्याबरोबर गाईलाच मोजावे. ती किती लठ्ठ वा रोड आहे, लंगडते का, गुडघ्यावर व मागच्या सांध्यावर केस गेले आहेत का, अंगावर शेण किती चिकटले आहे, बसताना लोखंडी दांड्याला आपटते का, माणूस हात पुढे करून चालत गेला तर किती अंतरावर मान वळवते. दुभती गाय दिवसातले सुमारे १० ते १२ तास आडवी होऊ पाहते. तिला ते करता येत नसेल तर ती खाण्याचा वेळ मोडूनही बसण्याची भरपाई करते. म्हणून तळ ओला आणि कठीण असणे हा गाईसाठी मोठा प्रश्न आहे.

इंग्लंडमधील ५३ गोठ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांच्या मोजणीत सरासरी सुमारे २२ टक्के गाई लंगडत होत्या. मालकांच्या अंदाजाने सुमारे ६ टक्के. या मालकांचे आपल्या जनावरांवर प्रेम नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोज दिसणारी गोष्ट डोळ्यांच्या सवयीची होते, आणि हळू चालणारी गाय ‘तशीच’ आहे असे वाटू लागते. विद्यार्थी गोठ्यात जाऊन मालकाशी बोलतो तेव्हा दोष देण्याऐवजी दोघांनी मिळून गाईंची चाल पाहणे उपयोगी ठरते. माणसाच्या वागण्याचाही हिशेब इथे होतो. पॉल हेम्सवर्थ यांच्या ऑस्ट्रेलियातील कामाने दाखवले की दांडगाईने हाताळलेली डुकरे माणसाला भितात आणि त्या भीतीने त्यांची वाढ व प्रजनन खालावते. गुराख्याच्या स्वभावाला उत्पादनात किंमत आहे, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

कत्तलखान्याची भेट अनेकांना सर्वांत अवघड जाते. तिथे विद्यार्थ्याला काम दिलेले असते: गाई उतारावर किती घसरतात, किती हंबरतात, विजेची काठी किती वेळा लागते, बेशुद्धीचा झटका दिल्यावर जनावर खरोखर बेशुद्ध आहे का. लयबद्ध श्वास चालू नसावा, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलू नये. हे नीट तपासले नाही तर जनावर शुद्धीत असताना मानेवर सुरी फिरते. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या नजरेने वाटेतल्या सावल्या, लटकत्या साखळ्या आणि चकाकते पाणी शोधले आणि अशी मोजणी रूढ केली. शाकाहारी विद्यार्थीही हे शिकतो, कारण उद्या त्या वाटेने जाणाऱ्या जनावराची भीती कमी करायची असेल तर कोणीतरी तिथे उभे राहून मोजलेच पाहिजे.

प्रयोगशाळेच्या प्राण्यांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे शिकवली जातात: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि उरलेल्यांचा त्रास सौम्य करणे. प्राणिसंग्रहालयाच्या भागात क्लब आणि मेसन यांचे २००३ मधले संशोधन येते. निसर्गात जे मांसाहारी प्राणी दूरवर हिंडतात ते बंदिवासात अधिक येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात. ध्रुवीय अस्वल त्यात ठळक आहे. पिंजऱ्यात फिरकी घेणारे अस्वल पाहून हसणारा प्रेक्षक या माहितीनंतर हसू शकत नाही.

प्रबंध

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचे संशोधन करावे लागते. प्रश्न लहान ठेवा, हा पहिला सल्ला असतो. ‘कुत्र्यांना निवारागृहात त्रास होतो का’ हा प्रश्न हाताळता येत नाही. ‘पिंजऱ्याचा एक कोपरा झाकून दिला तर कुत्री किती वेळ तिथे घालवतात आणि भुंकणे कमी होते का’ हा हाताळता येतो. प्रयोगाआधी नैतिक समितीची मंजुरी लागते. प्राण्यांचे कल्याण तपासायच्या नावाखाली त्यांना त्रास देण्याची मुभा कोणालाही नसते.

संख्याशास्त्राची खरी ओळख इथे होते. एका वाड्यात २० डुकरे असतील आणि त्या वाड्याला पेंढा दिला असेल, तर हाती २० उत्तरे आली असे म्हणता येत नाही. ती डुकरे एकमेकांवर प्रभाव टाकतात. तिथे वाडा हेच एक उत्तर. पेंढा दिलेले आणि न दिलेले अनेक वाडे हवेत. नोंद करणाऱ्याला कोणत्या वाड्याला काय दिले हे माहीत नसावे, म्हणजे त्याची आशा आकड्यांत उतरणार नाही. प्राण्याचे भले व्हावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याला हे बंधन सर्वांत जास्त लागते. अपेक्षेविरुद्ध निकाल आला तर तो तसाच लिहावा लागतो, कारण चुकीच्या निष्कर्षाची किंमत शेवटी प्राणीच मोजतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या विषयाची भूमी कायद्याच्या बाजूने जुनी आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९६२ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात १० ते ५० रुपये इतकाच दंड आहे, हे त्याचे उणेपण. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये नागराज प्रकरणात पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला आणि जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही थांबल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि घटनापीठाने मे २०२३ मध्ये ती वैध ठरवली. आता शर्यत होणारच असेल तर चाबूक, टोचणी आणि शेपूट पिरगाळणे खरोखर थांबले का, धावल्यावर बैलाचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो, घाटाची माती त्याच्या खुरांना कशी आहे, हे मोजणारी प्रशिक्षित माणसे लागतील. निकालाने वाद मिटला तरी बैलाचा प्रश्न उरतोच, आणि तो मोजूनच सोडवावा लागतो.

गोशाळांवरही असे काम झाले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतील ५४ गोशाळांत जाऊन गाईंची शरीरस्थिती, सांध्यांवरच्या जखमा, लंगडणे, जमीन आणि जागा यांची मोजणी केली. श्रद्धेने सांभाळलेल्या गाईलाही घसरती फरशी त्रास देते. ते श्रद्धेने कळत नाही, गाईच्या पायांकडे पाहून कळते. पश्चिम महाराष्ट्रात कृषी विज्ञान केंद्रे मुक्त संचार गोठ्याचा प्रसार करतात. जनावराला दावणीला बांधून न ठेवता सावली, पाणी आणि बसायची कोरडी जागा स्वतः निवडता यावी, ही त्यामागची कल्पना कल्याणशास्त्राच्या मुळाशी असलेल्या कल्पनेशी जुळते. शेतकऱ्याला त्यात मजुरीची बचत दिसते, गाईला मोकळीक मिळते.

गोव्यातले काम तर थेट एडिनबराशी जोडलेले आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या मिशन रेबीज या उपक्रमाने गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईलवर जागेसह होई आणि कुठल्या वाड्यात लस पोचली नाही ते लगेच दिसे. त्या आकड्यांच्या विश्लेषणात एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग होता. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. भटक्या कुत्र्याचे कल्याण आणि वस्तीतल्या मुलांचा जीव या दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीत सांभाळता येतात, याचा हा भक्कम पुरावा आहे.

मनावरचा भार आणि पुढचे काम

या शिक्षणाचा मनावर भार येतो, हे अभ्यासक्रम उघडपणे मान्य करतो. विद्यार्थी वर्षभर अशा गोष्टी पाहतो ज्या इतरांना दिसत नाहीत. घरी जेवताना, दुकानात अंडी घेताना, रस्त्यावरून जाणारा जनावरांचा ट्रक पाहताना त्याला आकडे आठवतात. काहींना राग अनावर होतो, काही सुन्न होतात. दोन्ही अवस्थांत नीट निरीक्षण होत नाही. म्हणून गटात बोलणे, शिक्षकांनी वेळ देणे, आणि ज्याला कत्तलखान्यात जाणे झेपणार नाही त्याला तसे सांगता येणे, हे शिक्षणाचे आवश्यक भाग मानावे लागतात. सर्वांत मोठा आधार मात्र छोट्या बदलांचा असतो. गोठ्यात वाळूचा थर वाढवला आणि पुढच्या मोजणीत लंगडणाऱ्या गाई कमी झाल्या, तर त्या गाईंचे दुखणे खरोखर कमी झालेले असते.

पदवीनंतर कोणी संशोधनात जातात, कोणी सरकारी धोरणात, अन्नकंपन्यांच्या लेखापरीक्षणात, प्राणिसंग्रहालयात, निवारागृहात, प्रयोगशाळांच्या देखरेखीत किंवा अध्यापनात. महाराष्ट्रात १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयापासून पशुवैद्यकाची मोठी परंपरा आहे आणि गावोगावी जनावरांशी रोज वावरणारी जाणती माणसे आहेत. कल्याणशास्त्राची पद्धत या दोहोंशी जोडली गेली तर दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, गोशाळा आणि शर्यतीचे घाट या सर्व ठिकाणी प्रश्न विचारता येतील आणि त्यांची उत्तरे तपासता येतील. दयाळू माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गाईची चाल, कोंबडीची निवड आणि बैलाचा श्वास मोजून त्याप्रमाणे व्यवस्था बदलणारी माणसे वाढायला हवीत, आणि ती तयार करणे हेच या शिक्षणाचे प्रयोजन आहे.